उन्हाच्या उष्णतेने खोलीतला दमटपणा काढणे: कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणावर चालणारी घरगुती योजना

पावसाळ्यात कपाटात ठेवण्यासाठी ओल शोषणाऱ्या ज्या डब्या दुकानांत मिळतात, त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराईडचे पांढरे खडे असतात. आषाढ सरेपर्यंत त्या खड्यांचे पाणी होते, आपण ते मोरीत ओततो आणि नवी डबी आणतो. वास्तविक त्या पाण्यात मीठ, म्हणजे ते कॅल्शियम क्लोराईडच, होते तेवढेच असते. त्याने केवळ कपाटातल्या हवेतली वाफ पिऊन घेतलेली असते. ते पाणी तापवून त्यातली वाफ घराबाहेर सोडून दिली, तर तेच मीठ पुन्हा कामाला येते, आणि त्यासाठी उकळण्याची गरज नसते. साठ-पासष्ट अंश सेल्सिअस पुरतात. एवढी उष्णता गच्चीवरच्या साध्या सोलर वॉटर हीटरचे पत्रे सहज देतात. कपाटातल्या डबीचे हे काम मोठ्या प्रमाणावर, पंप आणि पंख्याच्या साहाय्याने, एका खोलीसाठी कसे करावे, हे येथे सांगितले आहे. उदाहरणादाखल घेतलेली खोली गोव्यात, फोंड्यातल्या माझ्याच घराची आहे: चार मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच, एका भिंतीला पुस्तके, कोपऱ्यात तबला, पखवाज आणि पेटी, आणि रात्री झोपायला दोन माणसे.

वातानुकूलन यंत्रही दमटपणा काढते, पण ते काम ते आडवाटेने करते. हवेतले पाणी गाळण्यासाठी यंत्राला हवा तिच्या दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली थंड करावी लागते. म्हणजे आपल्याला हुडहुडी नको असली तरी ती पत्करावी लागते, आणि खोली हवी तेवढी थंड झाली की यंत्र थांबते व दमटपणा मात्र तसाच राहतो. जुलैतल्या गोव्यात नेमके हेच होते. बाहेर २८-२९ अंश म्हणजे काही भयंकर उकाडा नव्हे. त्रास असतो तो ऐंशी-नव्वद टक्के सापेक्ष आर्द्रतेचा. तबल्याची पुडी सैल पडते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, आणि अंगावरचा घाम जागचा हलत नाही. अशा हवेला थंडाव्यापेक्षा कोरडेपणा अधिक हवा असतो.

मीठ हवेतून पाणी का ओढते

पाण्यावर वाफेचा एक दाब असतो आणि तो तापमानाबरोबर वाढतो. त्या पाण्यात भरपूर कॅल्शियम क्लोराईड विरघळवले की तो दाब घटतो. वजनाने ४० टक्के मीठ असलेल्या द्रावणावरचा वाफदाब त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या साधारण ३९ टक्के इतकाच राहतो. पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांहून अधिक दमट हवा अशा थंड द्रावणाला भिडली, की वाफ हवेतून द्रावणात जाते. द्रावण तापवले की गणित उलटते आणि वाफ द्रावणातून हवेत जाते. सगळी योजना या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून आकडे थोडे जवळून पाहू.

पावसाळ्यातील ३० अंशांच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत वाफेचा दाब सुमारे ३.४ किलोपास्कल असतो. चाळीस टक्क्यांच्या द्रावणाचा दाब ३० अंशांना सुमारे १.७ असतो, म्हणजे ते जोराने शोषते. तेच द्रावण ४० अंशांना २.९ वर येते, म्हणजे बाहेरच्या हवेतून ते अजूनही थोडे शोषतच असते. पन्नास अंशांना ४.८ वर ते पाणी सोडू लागते, पण कंटाळत. साठ अंशांना ७.८ वर मात्र ते खऱ्या अर्थाने सुकू लागते. यातून दोन नियम निघतात. शोषणाऱ्या बाजूचे द्रावण जमेल तितके थंड ठेवावे, आणि सुकवण्याच्या बाजूचे द्रावण पंचावन्न अंशांच्या खाली चालवूच नये. पहिला नियम लोक विसरतात, कारण सगळे लक्ष उन्हाकडे असते. योजना फसल्याची जी काही उदाहरणे मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत सौर पत्रे उत्तम होते आणि द्रावण गार करण्याची सोयच नव्हती.

कल्पना नवी नाही. जॉर्ज लॉफ या अमेरिकी अभियंत्याने १९५५ साली ट्रायएथिलीन ग्लायकॉल हा द्रव उन्हाच्या उष्णतेने सुकवून थंडावा मिळवण्याची पद्धत मांडली होती. कारखान्यांतून आज लिथियम क्लोराईड अधिक वापरतात. ते कॅल्शियम क्लोराईडपेक्षा हवा बरीच कोरडी करते, पण त्याची किंमत घरगुती कामाला परवडणारी नाही. ग्लायकॉल थोडा थोडा उडून खोलीत येतो, म्हणून राहत्या घरात मी तो सुचवणार नाही. गोव्यातल्या मिठागरांत मीठ काढून झाल्यावर जे कडवट, तेलकट पाणी मागे राहते, त्यात मॅग्नेशियम क्लोराईड मुबलक असते आणि तेही ओल शोषते; उन्हात कितीही ठेवले तरी ते पुरते वाळत नाही, हे आगरात काम करणाऱ्यांना ठाऊक असते. प्रयोग म्हणून ते मोहात पाडणारे आहे, परंतु त्यातील इतर क्षार थरावर थर साचवतात आणि मोजमाप जुळत नाही. सुरुवात कॅल्शियम क्लोराईडनेच करावी.

आधी खोली

यंत्र बांधण्यापूर्वी खोलीच्या फटी बुजवाव्यात. हा सल्ला नीरस आहे, पण पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे. माझ्या खोलीतली हवा सुमारे ४८ घनमीटर आहे. दारे-खिडक्यांना रबरी पट्ट्या लावल्यावर ती दोन तासांत एकदा बदलते असे धरले, तर तासाला २४ घनमीटर, म्हणजे साधारण २८ किलो दमट हवा आत येते. बाहेरच्या एक किलो हवेत सुमारे २१.६ ग्रॅम वाफ असते, आणि खोलीत २९ अंशांना ५५ टक्के आर्द्रता हवी असेल तर किलोमागे १४ ग्रॅमच्या आत राहावे लागते. फरक पावणेआठ ग्रॅमांचा, म्हणजे तासाला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम आणि दिवसाला सुमारे सव्वापाच किलो पाणी. झोपलेले माणूस तासाला पन्नासेक ग्रॅम वाफ सोडते. दोन माणसांची रात्र म्हणजे आणखी एक किलो. दाराची उघडझाप धरून दिवसाला ७ लिटर हा हिशेब पक्का धरावा.

आता हीच खोली उघड्या मंगळुरी कौलांखाली असेल, तर हवा तासाला चार वेळाही बदलू शकते आणि तेच काम दिवसाला ४० लिटरच्या पुढे जाते. कौलारू खोलीला आतून छत लावून सांधे बंद केल्याशिवाय या योजनेच्या नादी लागू नये. ओले कपडे खोलीत वाळत घालणे, हेही अर्थातच बंद.

द्रावण तयार करणे

बाजारात कॅल्शियम क्लोराईड दोन रूपांत मिळते: साधारण ७७ टक्क्यांचे पापुद्रे, आणि ९४ टक्क्यांच्या वरचे कोरडे गोळे. घरगुती कामाला पापुद्रे पुरेसे आहेत, मात्र पोत्यावरची टक्केवारी वाचूनच हिशेब करावा. एका विक्रेत्याने मला ९४ टक्क्यांचे म्हणून पापुद्रेच दिले होते. पहिले द्रावण पातळ निघाल्यावर हे कळले. आपल्या खोलीसाठी १५० किलो द्रावण लागते, ज्याचे आकारमान सुमारे १०८ लिटर भरते. त्यासाठी ७८ किलो पापुद्रे आणि ७२ लिटर पाणी घ्यावे.

पाणी आधी आणि मीठ नंतर, तेही पाच-पाच किलो करून, हा क्रम मोडू नये. हे मीठ विरघळताना उष्णता सोडते. सगळे पोते एकदम ओतले तर द्रावण सत्तर-ऐंशी अंशांवर जाऊ शकते, पातळ बादली मऊ पडते आणि उडालेला शिंतोडा भाजतो. जाड एचडीपीई प्लॅस्टिकचे पिंप, लाकडी दांडा, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा एवढी तयारी असावी. मुले व मांजरे त्या दिवशी दूर ठेवावीत. तयार द्रावण दुधाळ दिसते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन दिवस निवळू द्यावे आणि वरचे स्वच्छ द्रावण कापडातून गाळून घ्यावे.

द्रावण घट्ट की पातळ, हे घनतेवरून कळते. साखरेच्या पाकाची तार बघावी तसे येथे हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचनळी, बघायचे. ३० अंशांना घनता १.३९ च्या आसपास असेल तर द्रावण ४० टक्क्यांचे आहे, आणि १.३४ वर उतरली तर ते ३६ टक्क्यांवर आले आहे व सुकवायला पाठवण्याची वेळ झाली आहे. मोटारीच्या बॅटरीचा हायड्रोमीटर येथे उपयोगाचा नाही, कारण त्याची पट्टी १.३० ला संपते; १.३० ते १.५० अशी पट्टी असलेला मागून घ्यावा. दुसरी गोष्ट अशी, की गरम द्रावणाची घनता कमी दिसते. साठ अंशांना ती थंड असतानाच्या मानाने ०.०१५ ते ०.०२ ने कमी भरते, म्हणून स्टीलच्या पेल्यात थोडे द्रावण घेऊन, पेला पाण्यात धरून निववावे, मग वाचावे आणि पेला लगेच धुवावा. ४२ टक्क्यांच्या पुढे मात्र द्रावण घट्ट करू नये. २० अंशांच्या आसपास ते पावणेत्रेचाळीस टक्क्यांवरच संपृक्त होते, आणि डिसेंबरातल्या एखाद्या गार पहाटे नळ्यांत खडे धरतात.

शोषणपेटी

खोलीतली हवा आणि थंड घट्ट द्रावण जिथे भेटतात, त्या पेटीला मी शोषणपेटी म्हणतो. ती प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याची किंवा फायबरची करावी. आत एअर कूलरमध्ये असतो तसा मधाच्या पोळ्याच्या घडणीचा कागदी पॅड बसवावा: ३५ सेंटिमीटर रुंद, ३५ उंच, ३० खोल. पॅडच्या माथ्यावर भोके पाडलेली पीव्हीसी नळी आडवी ठेवून तिच्यातून मिनिटाला सहा-साडेसहा लिटर द्रावण सोडावे. ते पॅडमधून झिरपत खालच्या टाकीत उतरते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पंखा तासाला २०० घनमीटर हवा पॅडमधून आडवी ओढतो. या मापात हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत राहतो. तो तसाच ठेवावा, कारण वेग वाढला की द्रावणाचे तुषार हवेबरोबर खोलीत येतात आणि खारट तुषार फ्रिजच्या पत्र्यापासून पेटीच्या स्वरपट्ट्यांपर्यंत सगळे खातात.

पॅडनंतर नागमोडी प्लॅस्टिक पट्ट्यांचा तुषाररोधक अवश्य बसवावा आणि त्याची परीक्षा घ्यावी. काचेचा एक तुकडा पाठीमागून काळा रंगवून तासभर हवेच्या तोंडाशी धरावा आणि मग उजेडात तिरका करून पाहावा. साध्या पाण्याचे ठिपके काही वेळात वाळून जातात. या मिठाचे ठिपके पावसाळी हवेत वाळतच नाहीत, टाचणीच्या डोक्याएवढे चमकत राहतात. एकही ठिपका दिसला तरी पंख्याचा वेग कमी करावा. पेटी खोलीत जोडण्याची परवानगी या काचेने द्यायची.

खालच्या टाकीत वीज गेल्यावर पॅडमधले सगळे द्रावण परत मावेल एवढी जागा ठेवावी. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे वेगळे सांगायला नको, आणि सांडलेले हे द्रावण लादीवर दिवसेंदिवस ओलेच राहते. फडक्याने कितीही पुसले तरी धुतल्याखेरीज जात नाही.

गारवा विहिरीचा

एक किलो वाफ द्रावणात शिरते तेव्हा सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता सोडते. दिवसाचे सात लिटर रात्रीच्या दहा तासांत काढायचे, म्हणजे तासाला ७०० ग्रॅम शोषले जात असतील, तर जवळपास ४७० वॅट उष्णता द्रावणात सतत पडत असते. ती काढली नाही तर द्रावण तासा-दोन तासांत ३५ अंशांच्या पुढे जाते, त्याचा वाफदाब वाढतो आणि पंखा, पंप सगळे चालू असूनही हवा कोरडी होईनाशी होते. वरून खोलीही गरम होते.

येथे गोव्याच्या घरांजवळ एक फुकटची सोय असते, ती म्हणजे विहीर, आपल्या बोलीतली बांय. भूजलाचे तापमान वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ असते. आपल्याकडे ते २७ अंशांच्या आसपास भरते. शोषणपेटीच्या खालच्या टाकीत १६ मिलिमीटर जाडीच्या पीईएक्स (गरम पाण्याला टिकणारे लवचिक प्लॅस्टिक) नळीची ५० मीटरची गुंडाळी बुडवून तिच्यातून तासाला १५० लिटर विहिरीचे पाणी फिरवले, की पाणी तीनेक अंश तापून बाहेर पडते आणि द्रावण ३० ते ३१ अंशांवर टिकते. पन्नास मीटर ही लांबी जास्त वाटेल, पण प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश जाते, तिथे काटकसर करून चालत नाही. टायटॅनियमची प्लेट असलेला छोटा उष्णताविनिमयक मिळाला आणि परवडला तर ही गुंडाळी लागत नाही. गुंडाळीतून बाहेर आलेले पाणी अस्पर्श आणि स्वच्छ असते. ते परत विहिरीत सोडावे किंवा धुणीभांड्यांना वापरावे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मात्र या कामी घेऊ नये, कारण दुपारी ते कोमट झालेले असते.

उन्हाची बाजू

सुकवण्याची पेटी शोषणपेटीसारखीच बांधावी, पण ती घराबाहेर, गच्चीवर, पावसापासून आडोशाला ठेवावी. तिला तापणपेटी म्हणू. तिच्यात गरम द्रावण पॅडवरून वाहते, पंखा तासाला सुमारे १०० घनमीटर बाहेरची हवा त्यातून ढकलतो आणि वाफेने भरलेली हवा आकाशात सोडून देतो. येथे साधी पीव्हीसी नळी मऊ पडते, म्हणून सीपीव्हीसी किंवा पीईएक्स वापरावी.

सौर कलेक्टरच्या, म्हणजे सोलर वॉटर हीटरच्या त्या पत्र्यांच्या, तांब्याच्या नळ्यांत हे द्रावण कधीही सोडू नये. कलेक्टरमध्ये साधे पाणी फिरावे, ते तापून ७५ अंशांच्या आसपास यावे आणि तापणपेटीच्या टाकीत बुडवलेल्या २५ ते ३० मीटर नळीच्या गुंडाळीतून आपली उष्णता द्रावणाला द्यावी. आयएस १२९३३ या मानकाचे, दोन चौरस मीटरचे दोन सपाट कलेक्टर आपल्या खोलीला पुरतात. हिशेब असा: स्वच्छ उन्हाच्या दिवशी चौरस मीटरला साधारण साडेपाच युनिट (किलोवॅट-तास) ऊन पडते; त्यातले पंचेचाळीस टक्के पाण्यात उतरते; त्यातलेही निम्मे वाफ काढण्यात कामी येते आणि बाकीचे द्रावण व हवा तापवण्यात जाते. यावरून चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे १.८ लिटर, म्हणजे चार चौरस मीटरला सात लिटरांहून थोडे अधिक पाणी निघते.

कलेक्टर दक्षिणेकडे तोंड करून १० ते १५ अंशच कलते ठेवावेत. गोवा साडेपंधरा अक्षांशाजवळ असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडे असतो. आपले काम याच महिन्यांत असल्यामुळे हिवाळ्याच्या सोयीचा अधिक कल येथे तोट्याचा ठरतो.

रोजचा क्रम

द्रावण सतत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवत ठेवण्याऐवजी मी घाणे करून सुकवतो, कारण त्यात नियंत्रण सोपे राहते आणि गरम द्रावण थंड बाजूत मिसळण्याचा धोका उरत नाही. दोन पिंपे ठेवावीत, एक घट्ट द्रावणाचे आणि एक पातळ द्रावणाचे, आणि त्यांवर रंगाने तसे लिहावे. सकाळी ऊन चढले की पातळ पिंपातले ५२ लिटर, म्हणजे ७० किलो द्रावण तापणपेटीत घ्यावे. ते सगळे नीट सुकले की सायंकाळी त्याचे ४५ लिटर, म्हणजे ६३ किलो उरते. गेलेले सात किलो म्हणजे आदल्या दिवशी खोलीतून काढलेले पाणी. ते रात्रभर निवू द्यावे, सकाळी घट्ट पिंपात ओतावे आणि झाकण लावावे. झाकण न लावलेले पिंप दमट हवेत आपोआप पातळ होत जाते, आणि तापणपेटीची दोन्ही तोंडेही सूर्यास्तानंतर याच कारणासाठी बंद करावीत.

शोषणपेटी रात्री दहा तास चालवावी. घट्ट पिंपातले द्रावण म्हणजे साठवलेला कोरडेपणाच आहे; बॅटरीत वीज साठवावी तसा तो, पण गळत नाही आणि पडून राहिल्याने उतरतही नाही. ऊन दिवसा आणि गरज रात्री, या अडचणीवरचा हा उपाय मला या योजनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

तापणपेटीच्या पंपाला व पंख्याला तापमानावर चालणारा स्विच लावणे मात्र अत्यावश्यक आहे. पहिल्या वर्षी मी तो लावला नव्हता. चवथीच्या आदल्या आठवड्यात एका ढगाळ सकाळी पंप सुरू करून मी कामाला गेलो. दिवसभर द्रावण चाळीस अंशांच्या वर गेलेच नाही, आणि संध्याकाळी पाहिले तर घनता वाढण्याऐवजी घटलेली. तापणपेटीने दिवसभर बाहेरची ओल गोळा केली होती. वर दिलेले २.९ आणि ३.४ हे आकडे मला त्या संध्याकाळी खऱ्या अर्थाने समजले. द्रावण ५५ अंशांवर गेल्यावर पंखा सुरू व्हावा आणि ५२ च्या खाली आल्यावर थांबावा. तोवर केवळ कलेक्टरचे पाणी गुंडाळीतून फिरत राहावे.

जुलैचे काय

येथे वाचकाला फसवणे योग्य होणार नाही. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत पडणारे ऊन चौरस मीटरला साडेतीन युनिटांच्या आसपास येते, तेही ढगांतून विखुरलेले, आणि मंद उन्हात कलेक्टरची कार्यक्षमताही घटते. चार चौरस मीटरमधून तेव्हा सातऐवजी तीन लिटर निघाले तरी समाधान मानावे. म्हणजे ज्या महिन्यात ओल सर्वाधिक, त्याच महिन्यात ऊन सर्वांत कमी.

यावर तीन मार्ग आहेत. मे महिन्यात जास्तीचे द्रावण घट्ट करून ठेवणे हा पहिला: दोनशे लिटरचे एक भरलेले पिंप ४० वरून ३६ टक्क्यांवर उतरेपर्यंत सुमारे ३१ लिटर पाणी पिते, म्हणजे चार-साडेचार दिवसांची बेगमी होते. अशी तीन-चार पिंपे असली तर मध्येच मिळणाऱ्या उघडिपींच्या आधाराने बराच पल्ला गाठता येतो. दुसरा मार्ग कलेक्टर दुप्पट करण्याचा, जो मी खर्चामुळे टाळला. तिसरा मार्ग जुन्या घरांत आधीच असतो: न्हाणीत पाणी तापवण्याच्या तांब्याच्या भाणाखाली नारळाची सोडणे आणि करवंट्या पेटतातच, तर त्या भाणातून गरम पाण्याची एक नळी तापणपेटीच्या गुंडाळीला जोडावी. पाऊस लागून राहिलेल्या आठवड्यात मी हेच करतो. केवळ पुस्तकांसाठी खोली बंद ठेवता येत असेल, माणसांचा वावर नसेल, तर गरज अर्ध्यावर येते आणि उन्हावरच निभावते.

तुलनाही प्रामाणिक असावी. या योजनेचे दोन पंप आणि दोन पंखे मिळून दिवसाला एक-सव्वा युनिट वीज खातात. सात लिटर पाणी काढायला विजेवरचे डिह्युमिडिफायर यंत्र साधारण साडेतीन-चार युनिट घेते आणि आपली सगळी उष्णता खोलीतच सोडते. बचत आहे, पण ज्याला एकच कपाट कोरडे ठेवायचे आहे, त्याने हा संसार मांडू नये, डबी बरी.

थंडावा हवाच असेल तर

शोषणपेटीतून निघणारी हवा कोरडी असते, गार नसते. ती खोलीच्या तापमानाच्या जरा वर, ३० अंशांच्या आसपासच असते. तरीही ५५ टक्क्यांच्या खोलीत छताचा पंखा चालू असला की घाम वाळतो आणि २९ अंश सुसह्य वाटतात. त्याहून गारवा हवा असल्यास, बाहेरच्या हवेचे ओलकंद तापमान (ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात दाखवतो ते) २७ अंश असते तेव्हा या सुकवलेल्या हवेचे २२ च्या जवळ उतरलेले असते, याचा फायदा घेता येतो. ही हवा सरळ कूलरच्या ओल्या पॅडमधून नेली तर काढलेली ओल परत खोलीत येते, म्हणून अप्रत्यक्ष पद्धत वापरावी, जिच्यात ओला मार्ग आणि कोरडा मार्ग पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात आणि ओल्या मार्गातली हवा बाहेर फेकली जाते. घरगुती पातळीवर ते बांधणे किचकट आहे. खोलीत आधीच इन्व्हर्टर एसी असेल तर तो २७-२८ वर ठेवून दमटपणाचे काम द्रावणावर सोपवावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

धातू, गळती आणि हंगामाचा शेवट

द्रावणाला लागणाऱ्या मार्गात लोखंड, जस्ताचा मुलामा, ॲल्युमिनियम आणि पितळ यांपैकी काहीही नसावे. साधे ३०४ स्टेनलेस स्टीलही टिकत नाही, त्याला बारीक खड्डे पडतात. माझ्या पेटीचे स्क्रू त्याच स्टीलचे होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात डोकी तुटून हातात आली. पॉलिप्रॉपिलीनचा, चुंबकावर फिरणारा, सील नसलेला पंप घ्यावा, आणि तो घेताना द्रावण पाण्याच्या १.४ पट जड आहे हे सांगावे, नाहीतर मोटर दमते. द्रावण विजेचे उत्तम वाहक आहे, म्हणून सर्व जोडण्या विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधूनच द्याव्यात.

खराब झालेले द्रावण विहिरीजवळ, शेतात किंवा ओहोळात ओतू नये. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीतून ते विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. तसे पाहता ते फेकण्याची वेळ सहसा येत नाही. गाळ बसला तर निवळून घ्यावे, मीठ झीज होऊन संपत नाही.

ऑक्टोबरात हवा कोरडी पडू लागली की शेवटचे सगळे द्रावण ४० टक्क्यांवर आणून पिंपांत भरावे आणि झाकणांवर प्लॅस्टिक बांधून ठेवावे. पॅड पेटीतून काढून थोड्या थोड्या पाण्यात तीन वेळा खळबळून धुवावेत, सावलीत वाळवावेत आणि दाबून पाहावेत. बोटाखाली पुठ्ठ्यासारखे ताठ लागले तर आणखी एक वर्ष जातील, कुरमुरीत होऊन सुटू लागले तर बदलावेत. धुतलेले पाणी टाकू नये. त्यात बरेच मीठ उतरलेले असते, ते पातळ पिंपात ओतावे आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात एक जादा घाणा करावा.